ओदलीनला विचारलेला प्रश्न

घाटावरून नाव सुटता सुटता एका तरुणाने आत उडी मारली, आणि ओदलीनच्या झग्यावर चिखल उडाला.

"माफ करा हं—"

"नवा होता."

"मग ढकला मला नदीत. ओरडणार नाही."

तिला हसू फुटलं... कितीतरी दिवसांनी. रील नदीवर दाट धुकं होतं. बारीक पाऊस त्याच्या पापण्यांवर साचत होता, आणि त्यांच्याआडून तो तिच्याकडेच पाहत होता. पुढे, नावेच्या टोकाला, तिचा गोन्त्रानकाका घोड्याचा लगाम धरून उभा होता. त्याची नुसती पाठ दिसली तरी ती आवाज खाली आणी.

"कुठे निघालात?"

"लिझ्यूला, बिशपांकडे. माझं लग्न मोडायला."

"नवरा इतका वाईट?"

"कुणास ठाऊक! लग्नात मी सात वर्षांची होते, तो दहाचा. जेवणं होईपर्यंत नुसता रडत होता. दात दुखत होता म्हणे."

त्याने टोपी कपाळावर ओढली. मग तो पुटपुटला, "दात नव्हता गं. बूट चावत होते."

ओदलीन गर्रकन त्याच्याकडे वळली. "रनूल्फ?"

"हळू! तुझ्या काकांची माणसं तीन दिवस माझी वाट अडवून बसलीयत. म्हणून तर या लांबच्या घाटावरून नदी ओलांडतोय."

बालपणी लागलेलं लग्न. वयात आल्यावर दोघांनी बिशपांसमोर 'हो' म्हटलं तरच टिकणार. वडील गेल्यापासून गढी, रान, दोन गिरण्या, सगळं ओदलीनचं होतं. लग्न मोडलं की तिची रवानगी मठात, आणि जमीन काकाची. "हो म्हणालीस तर बघ," काकाने बजावलं होतं, "सासरच्या वाटेवर रान फार दाट आहे."

"तुमच्यासाठी दुसरी मुलगी पाहिलीय म्हणतात," ती कुजबुजली. "दोन किल्ल्यांवाली. उद्या तुम्ही काय—"

काका वळला. रनूल्फ घोड्यांच्या गर्दीत दिसेनासा झाला. उत्तर राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बिशपांच्या दालनात काकाची बोटं तिच्या दंडात रुतली होती. रनूल्फ समोर उभा होता, मान खाली घालून. तो वर बघेचना!

"आधी तू सांग, पोरी," बिशप म्हणाले. "हे लग्न तुला मान्य आहे?"

आपण हो म्हणालो आणि तो नाही म्हणाला तर? तर परतीच्या वाटेवर ती असेल, काका असेल, आणि तसंच दाट रान. बोटं आणखी रुतली.

"हो," ती म्हणाली. "मान्य आहे."

बिशप रनूल्फकडे वळले.

"आणि तुला?"

"मलाही," रनूल्फचा आवाज चिरकला. "मान्य आहे!"

काका उसळला, पण बिशपांनी हात वर केला. "गोन्त्रान, या दोघांच्या केसाला धक्का लागला, तर तुला धर्माबाहेर काढीन मी. सोड तिचा दंड."

रनूल्फने पुढे येऊन तिचा हात हातात घेतला. त्याचा तळवा बर्फासारखा गार होता.

"अगंबाई... तुम्हीपण घाबरला होतात?"

"मेलोच होतो. तू नाही म्हणशील म्हणून वर बघायची हिंमतच होईना."