डावा हात वर करा

"जरा आ करता का?"

शिडीवरच्या रंगाऱ्यानं खाली पाहिलं. दातांच्या कॉलेजातल्या दारांवर नावं रंगवायला तो आला होता, दात दाखवायला नव्हे.

"माझा आ?"

"तुमचाच… प्लीज. परीक्षेला पेशंट आपणच आणायचा असतो, आणि माझा आत्ताच फोनवर नाही म्हणाला. परीक्षा आठ दिवसांवर आलीय!"

पांढऱ्या कोटातली ती मुलगी अगदी रडवेली झाली होती. तो निमूट खाली उतरला. त्याच्या खालच्या दाढेत हवी तेवढीच कीड सापडली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"अभिनंदन! कीड आहे."

"आयुष्यात पहिल्यांदा कुणी अभिनंदन केलं," तो म्हणाला, "तेही कशाबद्दल, बघा!"

मग ती रोज दुपारी त्याच्या शिडीजवळच्या बाकावर पुस्तक घेऊन बसू लागली. पेशंट पळून जाऊ नये म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. गेल्या वर्षी याच परीक्षेत तिचा हात थरथरला होता. ड्रिल घसरलं, एका आजींच्या हिरडीतून रक्त आलं आणि परीक्षकांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. त्या आजींनी जाताना तिचीच पाठ थोपटली. ते तिला जास्त लागलं होतं.

तेव्हापासून धड झोप नव्हती, घास उतरत नव्हता. बाबा म्हणायचे, अभ्यास कर. ताई म्हणायची, काळजी करू नकोस. दोन्ही ऐकून ती खोलीचं दार लावून घ्यायची. कोटाच्या खिशात कॉलेज सोडण्याचा अर्ज तयार होता. यंदा नापास झाली, तर तो द्यायचा.

त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"हात माझाही थरथरतो," मग म्हणाला. "तेव्हा ब्रश बाजूला घेतो, खाली उतरतो, आणि लांबून पाटी बघत उभा राहतो."

"लोक काय म्हणतात?"

"त्यांना वाटतं, रंगारी फार विचार करतोय!"

ती हसली. किती दिवसांनी, ते तिलाही आठवेना.

"पण परीक्षकांसमोर थांबलं, तर वाटेल हिला येत नाही."

"वाटू दे की."

परीक्षेच्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून वेळेआधीच हजर झाला. खुर्चीत आडवा झाल्यावर तिनं नेहमीची सूचना दिली, "दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन."

"आणि नाही दुखलं तर?"

"तर गप्प पडून राहा."

ड्रिल सुरू झालं. परीक्षक मागे येऊन उभे राहिले आणि तिची बोटं थरथरू लागली… तेवढ्यात त्याचा डावा हात वर झाला. ती जागच्या जागी थांबली. आता संपलंच सगळं, असं तिला वाटलं.

"पेशंटला जरा वेळ द्या," परीक्षक एवढंच म्हणाले.

तिनं हात मागे घेतला. श्वास सोडला. दाढेकडे लांबून पाहिलं, पाटीकडे पाहावं तसं. थरथर ओसरली.

दाढ भरताना थरथर पुन्हा सुरू झाली. तिनं आशेनं त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात मांडीवर स्वस्थ पडून होता. रंगारी मात्र एकटक तिच्याकडे पाहत होता.

तिनंच मग हत्यार खाली ठेवलं. "सर, एक मिनिट."

कुणी ओरडलं नाही.

संध्याकाळी यादी लागली. तिचा नंबर होता! ती धावतच त्याच्याकडे गेली. तो शेवटचं दार संपवून सामान आवरत होता.

"पास झाले! …तेव्हा खूप दुखलं का हो?"

"अजिबात नाही."

"मग हात कशाला वर केलात?"

"तुम्ही शिडीवरून उतरत नव्हता. म्हटलं, आपण उतरवू."

तिचे डोळे भरून आले. "आणि दुसऱ्यांदा?"

"दर वेळी त्या खुर्चीत मी थोडाच असणार आहे?" तो हळूच म्हणाला आणि वाकून डबे उचलू लागला.

ते खरंच होतं, आणि म्हणूनच तिला सोसवेना. तिनं खिशातला अर्ज काढून त्याच्यापुढे धरला. "ब्रश पुसायला होईल."

त्यानं तो वाचला. मग शांतपणे ब्रश पुसला आणि शिडी खांद्यावर घेतली.

तिनं डावा हात वर केला.

"कुठं दुखतंय, डॉक्टर?"

"दुखत नाहीये," ती म्हणाली. "पण… थांबा ना."

त्यानं शिडी पुन्हा भिंतीला टेकवली.