मागच्या सीटवरची जागा

तो नकाशा जरा बाजूला ठेवा. लुब्लियाना ते त्रिएस्ते, रस्ता काही पळून जात नाही. जिगा, तू लिपित्साच्या जुन्या रस्त्याने जायचं म्हणतोयस, म्हणून सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या रादोच्या बाबतीत हे घडलंय. गेल्या ऑक्टोबरातला शेवटचा गुरुवार. रात्र.

"विंकोकाका, आज झोपू द्या आम्हाला," मायाचं सुरू झालंच. झोप गं. ऐकून झोप.

रादो शाळेत भूगोल शिकवतो. त्याच्या मुलीचं, नेझाचं, त्रिएस्तेतल्या एका वकिलाच्या मुलाशी जमलं होतं. रविवारी तिकडे पहिलं जेवण. रादोची आखणी आठवडाभर आधीपासून सुरू. पेट्रोल इथेच भरायचं. इटलीच्या सीमेवर पोलीस पुन्हा गाड्या थांबवायला लागलेत, तेव्हा हमरस्त्याने जायचं की जुन्या रस्त्याने. त्याची बायको येल्का म्हणायची, "याला बेकरीत पाठवलं तरी आधी दोन रस्ते काढून बघतो."

वाटेत पोस्तोइना लागतं. तिथल्या वृद्धाश्रमात त्याची पेप्त्सा आत्या होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. सोमवारी तो भेटायला गेला, तेव्हा म्हातारी म्हणाली, "मलाही ने की रे. कोपऱ्यात बसेन. तोंड उघडणार नाही."

"तू आणि तोंड उघडणार नाहीस?"

"मग दात इथेच काढून ठेवते."

तो हसला. मग म्हणाला, "मागे जागाच नाही गं आत्या. केक, फुलं, नेझाचे कपडे…"

मागे नेझा एकटीच बसणार होती.

त्याला भीती होती ती आत्याच्या कॉफीच्या गोष्टीची. युगोस्लाव्हियाच्या काळात आपण सगळेच त्रिएस्तेहून कॉफी नि जीन्स चोरून आणायचो. आत्या मागच्या सीटवर कॉफीच्या पिशव्या अंथरायची, त्यावर घोंगडी, आणि घोंगडीवर झोपेचं सोंग घेतलेला रादो. झोपलेल्या पोराला कस्टमवाले उठवत नसत. एकदा टॉर्च तोंडावर आला आणि पोराने घाबरून घोंगडी भिजवली. "पिशव्यांसकट. आणि ती कॉफी आम्ही हिवाळाभर प्यायलो," असं आत्या भेटेल त्याला सांगायची. वकिलाच्या टेबलावरही सांगितलं असतंच.

"त्यात काय एवढं?" माया, मलाही तेच वाटतं. पण रादोला तिची लाज वाटायची. लहानपणापासून. शाळेच्या फाटकाशी कुणी विचारलं, ही तुझी आई का, तर तो "नाही" म्हणायचा. खोटं नव्हतं ते. पण ज्या घाईने म्हणायचा ना…

गुरुवारी जेवण झाल्यावर तो गाडी घेऊन निघाला, जुना रस्ता बघून यायला. एकटाच. येल्का म्हणाली, "रविवारचं जेवणही आजच जेवून ये." पोस्तोइनाचे दिवे दिसले. थांबला नाही.

लिपित्साच्या पुढे धुकं उतरलं होतं. सीमेवर एक इटालियन पोलीस रस्त्यात उभा. त्याने गाडी थांबवली. टॉर्च आधी रादोच्या तोंडावर. मग मागच्या सीटवर.

तिथेच थांबला.

पोलिसाने आवाज खाली आणला. "आई का?"

"नाही," रादो म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. प्रश्न नंतर कळला.

पोलीस त्याच्याकडे बघत राहिला. आपल्या माणसाला नाकारणाऱ्याकडे बघावं, तसा. मग टॉर्च विझवला. "झोपल्यात. उठवू नका. जा."

रादोने मागे पाहिलं.

कोणी नव्हतं.

पुढे जाऊन त्याने गाडी वळवली. त्याच रस्त्याने परत. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं. धुकं. आरसा त्याने वर फिरवून ठेवला. रेडिओ लावायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

मागे कोणीतरी कूस बदलली.

"आत्या?"

…

"रविवारी चल तू. जागा आहे."

…

"आत्या, जागा होती गं."

…

खट्.

एवढंच. पुन्हा काही नाही.

पोस्तोइनाला तो सरळ आश्रमाच्या दारात गेला. रात्रपाळीच्या बाईने दार उघडलं. "इतक्यात आलातही? आत्ताच तर तुमच्या घरी फोन केला." त्याला काही कळेना. बाई म्हणाली, "रात्रीच्या गोळ्या द्यायला गेले, तर झोपल्यासारख्याच दिसत होत्या. हात गार होता."

तो रात्रभर तिच्याजवळ बसून राहिला. उजाडल्यावर गाडीचं मागचं दार उघडलं, तेव्हा त्याला दिसलं. मधल्या जागेचा पट्टा लावलेला होता.

तो निघत नाही. बटण दाबलं जातं, पण पट्टा सुटत नाही. गॅरेजवाला म्हणाला, कापावा लागेल. रादोने कापू दिला नाही. गॅरेजवाल्याला कारणही सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही जिन्यात, खाली मान घालून.

मार्चमध्ये मी त्या गाडीतून गेलो. मागे, खिडकीशी बसलो होतो. रिकाम्या सीटवर पट्टा सैल पडायला हवा ना? तो ताणलेला होता. सीट नि पट्ट्याच्या मधे हातभर पोकळी ठेवून.

मी अंग चोरून बसलो.