गुरुवारची तांबोशी

माणसानं जेवायला किती वेळ लावावा याला काही धरबंध? एक तांबोशी, मक्याच्या तीन तोर्तिया, एक बिअर… आणि एवढ्यासाठी सेन्योर इलारियोन दुपारी एकला बसायचे, ते पाच वाजले तरी हलायचे नाहीत. काटा न् काटा चोखायचा, पुसायचा, ताटाच्या कडेला ओळीनं मांडायचा. जणू मासा पुन्हा जोडून समुद्रात सोडायचा होता!

बरं, यायचे तेही गुरुवारी. गुरुवारी आमच्या गेरेरो प्रांतात प्रत्येक शहाणा माणूस पोझोलेच्या, म्हणजे मका-मांसाच्या रश्शाच्या, वाडग्यावर वाकलेला असतो. किनाऱ्यावर मासे खायला कोण येणार? माझ्या झापांच्या मांडवात त्या दिवशी मी, कुत्रा आणि वारा.

पहिल्यांदा आले ते असेच, वाट चुकल्यासारखे. तेक्पानला ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. कुणाचं तरी इंजिन पोचवायला आले आणि भूक लागली म्हणून माझ्या मांडवात शिरले. हात कोपरापर्यंत काळे.

"या हातांनी माझ्याकडे जेवायचं नाही," मी म्हटलं. "आधी लिंबू चोळा."

मुकाट्यानं चोळलं. मग निखाऱ्यावरची तांबोशी पुढ्यात आली, लाल मिरचीचं वाटण फासलेली. पहिला घास घेतला नि नाक पुसत अदबीनं म्हणाले, "दोन्या देल्फा, तिखट मिरचीला आहे, का तुमच्या हाताला?"

"झोंबत असेल तर दूध प्या."

हसले. त्यांचे आधी डोळे हसतात, तोंड मागाहून. मी वळून उगाच निखारे उकरत बसले.

तेव्हापासून दर गुरुवारी. काय काय बोलायचो! त्यांची गेलेली बायको, माझा गेलेला रुफिनो, दोघंही कशी घोरायची… चार तास कुठं जायचे कळायचं नाही. आणि आता सांगायची लाज वाटते ते सांगते. मी अठ्ठावन्न वर्षांची, चार नातवंडांची आजी. गुरुवारी सकाळी आरशासमोर उभी राहून लग्नातले लोलक कानात घालू लागले. मासे साफ करायला! खवले उडून लोलकांना चिकटायचे, तरी काढायची नाही.

शेजारच्या मांडवातली लीचा माझी कोमाद्रे. माझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याची धर्ममाता, म्हणजे बोलण्याचा हक्क तिचाच. एका गुरुवारी तिथूनच ओरडली, "कोमाद्रे, आज कुणाचं लग्न गं? कान एवढे लखलखतायत! वरमाय का नवरी?"

जाळी विणत बसलेले कोळी हसले. तिची सून हसली. सेन्योर इलारियोनही हसले, खाली बघून, अगदी हळू… आणि माझे कान पेटले. मला हसणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. मी झाडू उचलला.

आमच्याकडे पायावरून झाडू फिरला की त्या माणसाचं लग्न होत नाही. चालायला लागलेलं पोरसुद्धा झाडू दिसला की पाय वर घेतं. मी तरातरा त्यांच्या टेबलापाशी गेले.

"चला, जागा झाडायचीय," म्हटलं, आणि त्यांच्या दोन्ही पावलांवरून झाडू ओढला. एकदा नाही, तीनदा.

लीचाचं हसू तिथंच विरलं. त्यांनी झाडूकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"समजलं, दोन्या देल्फा," म्हणाले. टोपी घेतली आणि गेले.

ताटात अर्धी तांबोशी तशीच होती. जो माणूस काट्यालासुद्धा मांस ठेवत नाही, त्यानं अर्धा मासा टाकला. मी तो कुत्र्याला घातला, तर कुत्राही माझ्याकडे बघेना.

पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. तेक्पानच्या बसपर्यंत मी एकदा चालत गेले, बसवाल्यानं "चढता का?" विचारलं, तर "वारा खायला आले" म्हणून परत फिरले. कुठल्या तोंडानं जाणार? हसण्यात त्यांचा काय गुन्हा होता? लोलक तर मीच घातले होते. त्यांच्यासाठीच.

तिसऱ्या गुरुवारी मी लोलक घातले नाहीत. दुपारी एकला वाळूत पावलं वाजली, डबक डबक. बघते तर सेन्योर इलारियोन. पायात गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट! असल्या उन्हात!

आपल्या नेहमीच्या टेबलाशी बसले, पाय लांब केले. "झाडा खुशाल. आत काही पोचायचं नाही."

"पाय उकडून निघतील," मी म्हटलं.

"निघू देत." टोपी मांडीवर ठेवून ते ती फिरवत राहिले. "दोन आठवडे घरी जेवलो, दोन्या देल्फा. दहा मिनिटांत उरकतं. चार तास बसावं असं… तिथं कुणी नाही."

लीचा डाव हातात घेऊन उभीच. कोळ्यांचे हात जाळीवर थांबलेले.

पायावरून फिरलेल्या झाडूचा दोष काढायचा तर ज्यानं झाडलं त्यानंच झाडूवर थुंकायचं, ज्यांनी पाहिलं त्यांच्यादेखत. आजवर मी कुणापुढे मान खाली घातली नव्हती. कोपऱ्यातला झाडू आणला. लीचानं छातीवर क्रूस काढला. मी मान खाली घातली आणि थुंकले. एकदा नाही, तीनदा.

कुणी हसलं नाही. त्यांचे डोळे तेवढे हसले. मग तोंड.

"बूट काढा," मी म्हटलं, "आणि नीट ऐका, सेन्योर इलारियोन. तुम्ही जेवता फार हळू. या चालीनं नुसत्या गुरुवारांवर आपलं भागायचं नाही, तेवढी वर्षं दोघांकडेही उरलेली नाहीत. उद्यापासून रोज यायचं."