उन्हात बोलणारा दिशाकोश

“अगं, कडबा सरळ धर! कोप बांधायलोत का चिमणीचा खोपा?” मल्लेश ओरडला.

“तू आधी गाठ आवळ! तुझी गाठ तुझ्यासारखीच, ढिली!” शिवांजलीनं तिथल्या तिथं परतफेड केली.

“भांडा, भांडा! तवर मी हरभरे संपवते,” बांधावर बसलेली अर्पिता डहाळ्यातला घाटा फोडत म्हणाली.

शिवांजली आणि मल्लेश ही चुलत भावंडं, सातवी-आठवीतली. अर्पिता शेजारच्या मळ्यातली, वयानं सर्वांत लहान आणि तोंडानं सर्वांत मोठी. शाळेला सुट्टी होती, कारण दुसऱ्या दिवशी येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजायचे आणि मग ताकाच्या आंबिलीवर नि मिश्र भाज्यांच्या भज्जीवर आडवा हात मारायचा!

यंदा मात्र घरात येळवशीचा उत्साह कुणालाच नव्हता. शिवांजलीचे बाबा, उमाशंकर मास्तर, श्रावणात अचानक गेले होते.

आणि आठवड्यापासून ते बोलत होते.

आत्ताही तेच झालं. ढगाआडून ऊन बाहेर आलं, माळावरच्या पवनचक्क्या घुं घुं करत फिरू लागल्या आणि पुरुषभर उंच ज्वारीच्या आतून आवाज आला.

“नोंद. ज्वारी.”

मल्लेशच्या हातातली दोरी गळून पडली.

“ज्वारी हे पीक नसून सैन्य आहे,” आवाज संथपणे म्हणाला. “ते रोज घरातली माणसं मोजतं. एक माणूस कमी झालं की सगळ्यात आधी ज्वारीला कळतं.”

ज्वारीची पानं सळसळली. आवाज एका जागेवरून येत नव्हता. वाऱ्याबरोबर तो डावीकडून उजवीकडे सरकत होता, जणू कुणी आतल्या आत चालत होतं. तो शिवांजलीच्या बाबांचाच आवाज होता, शब्द ओढून बोलायची लकबसुद्धा त्यांचीच!

“पळा!” मल्लेश किंचाळला आणि तिघं जी धूम पळाली ती थेट घराच्या ओसरीवर येऊन थांबली.

आता हा ‘नोंद’ काय प्रकार, ते सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी बाबांनी या तिघांबरोबर एक आख्खं विश्व रचलं होतं. त्याचं नाव सप्ततारा. तिथं ‘घुबड’ नावाचं अवकाशयान फिरायचं आणि प्रत्येक यानात असायचा एक बोलता दिशाकोश. कुठल्याही ग्रहाची माहिती विचारा, कोश ती ठणकावून सांगणार आणि ती हमखास चुकीची असणार! कारण ज्यानं कोश लिहिला तो कोशकार जन्मात कधी घराबाहेर पडलाच नव्हता. शहाणे प्रवासी कोश ऐकायचे आणि बरोबर उलटं वागायचे. बाबा गंभीर आवाज काढून नोंदी मोबाईलमध्ये बोलायचे आणि मुलांनी त्यातल्या थापा पकडायच्या. पोट दुखेपर्यंत हसायची सगळी.

पण ज्वारीतून येणाऱ्या या नोंदी मुलांनी कधीच ऐकलेल्या नव्हत्या. हीच तर भीती होती! मेलेला माणूस जुनं बोलला तर आठवण म्हणता येईल. नवीन बोलायला लागला तर काय म्हणायचं?

“म्हणजे काका खरंच सप्ततारातून बोलायलेत?” मल्लेश कुजबुजला.

शिवांजलीला भीती वाटत होती, आणि तो आवाज पुन्हा ऐकावा असंही वाटत होतं. हे दुसरं ती कुणाला सांगू शकत नव्हती.

मोठ्या माणसांना दिशाकोशाची ही उलटी गंमत ठाऊक नव्हती. त्यांनी त्याचं बोलणं शब्दशः खरं धरलं होतं. चार दिवसांपूर्वी आवाज म्हणाला होता, “नोंद. विहीर. विहिरीतली माणसं वर येत नाहीत, कारण त्यांना वाटतं, आपणच वर आहोत. पाणी काढताना मागं वळून पाहू नये.” झालं! तेव्हापासून विहिरीवर चिटपाखरू जात नव्हतं. शिवांजलीची आई, महेश्वरी, लांबच्या बोअरवरून घागरी वाहत होती.

संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. मल्लेशचे वडील मल्लिनाथअप्पा कपाळाला हात लावून बसले होते.

“पाखरं हाकलायला भोंगा बसवला व्हता म्या ज्वारीत,” ते म्हणाले. “येरमाळ्याच्या मेकॅनिकनं त्याच्या कार्डात कुत्र्यांचं भुंकणं भरून दिलं. आवाज आला तवा मला वाटलं, भोंगाच बिघडला. बॅटरी काढून घरी आणली. ही बघा, माझ्या कपाटात हाय! भोंगा मेला, तरी उमा बोलायलाय!”

बॅटरी खरंच समोर होती.

घरातले सर्वांत वडीलधारे हणमंतप्पा अज्जा काठी आपटून म्हणाले, “त्याचा जीव त्या खेळात अडकलाय. उद्या सांजंला हेंडगा पेटवू, तवा त्याचा मोबाईलबी त्यातच टाका. म्हंजी सुटंल बिचारा.”

हेंडगा म्हणजे पाचटाची मशाल. येळवशीच्या संध्याकाळी ती पेटवून पिकावरून ओवाळतात.

“अज्जा, न्हाय!” शिवांजली ताडकन उठली. “त्यात बाबांचा आवाज हाय! सगळा कोश हाय!”

“म्हणूनच,” अज्जा म्हणाले.

तिनं आईकडे पाहिलं. आईनं श्रावणापासून तो मोबाईल ट्रंकेत कुलपात ठेवला होता. कोशाला ती नेहमी पोरखेळ म्हणायची, एकही नोंद तिनं धड ऐकली नव्हती. आता ती मान खाली घालून एवढंच म्हणाली, “त्यांना त्रास होत असंल तर देते मी.”

माणसं घाबरली की मोठी काय आणि लहान काय, सारखीच. फक्त मोठ्यांची भीती ठराव करते.

येळवशीची सकाळ ढगाळ उजाडली. बिंदग्यात, म्हणजे छोट्या घागरीत आंबील, टोपल्यात बाजरीचे उकडलेले उंडे, भज्जीचं पातेलं, सगळं शेतात पोचलं. कोपीत पांडव मांडले, पूजा झाली. सगळ्यांचे कान मात्र ज्वारीकडे होते. ज्वारी गप्प होती.

“आज बोलंना गेलेत काका,” मल्लेश म्हणाला.

अर्पितानं उंड्याचा तुकडा तोंडात कोंबला आणि आभाळाकडे पाहिलं. “मला एक सांगा. भुतं अंधारात बोलतात का उजेडात?”

“अंधारात. का गं?”

“मग हे भूत उन्हातच कसं बोलतं? कालबी ऊन पडल्यावर बोललं. परवाबी. आज ढग हायत तर मुकाट बसलंय! असलं कसलं भूत?”

शिवांजली आणि मल्लेश एकमेकांकडे बघतच राहिले. दोघांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं!

“चला,” शिवांजली म्हणाली.

“आत? ज्वारीत?” मल्लेशचा आवाज चिरकला. “मी कोपीची राखण करतो की!”

“भज्जीची म्हण!” अर्पितानं त्याचा हात ओढला.

मोठ्यांची नजर चुकवून तिघं ज्वारीत शिरली. आत वेगळंच जग होतं. डोक्यावर कणसं दाटली होती आणि चारी बाजूंना ज्वारीची सारखीच ताटं. कुठून आलो तेही कळेना. मल्लेशनं शिवांजलीची ओढणी घट्ट धरली होती. एवढ्यात ढग सरकले आणि पानांवर ऊन उतरलं.

“नोंद. वाट चुकणं,” आवाज अगदी कानाशी आला.

मल्लेशनं ओढणीत तोंड खुपसलं.

“वाट चुकलेल्या माणसानं थांबू नये, रडू नये आणि शिवांजलीला काही विचारू नये. तिला सगळं माहीत असतं, असं तिला वाटतं.”

बाबांनी शिवांजलीचं नाव घेतलं होतं! क्षणभर तिला वाटलं, पुढची ताटं बाजूला केली की ते उभे असतील, हसू दाबत, मिशीवरून बोट फिरवत. तिनं ताटं बाजूला केली.

तिथं एक बांबू उभा होता. बांबूला भोंगा आणि भोंग्याच्या वर पाटीएवढं सोलर पॅनल.

“बॅटरी न्हाय,” मल्लेश वर बघत पुटपुटला. “पण... पण ही वायर बघा की! पॅनलची वायर सरळ भोंग्यात गेलीय! अप्पांनी बॅटरी नेली आन् सूर्य इथंच ठेवला!”

अर्पितानं बांबूवर सरसर चढून शिवांजलीची ओढणी पॅनलवर टाकली. आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. ओढणी काढली आणि भोंगा लगेच पुन्हा सुरू! आवाज म्हणाला, “नोंद. डास.” मल्लेशला हसू फुटलं ते फुटलंच!

“सापडलं! भूत सापडलं!” तो नाचू लागला. मग त्याचं शिवांजलीकडे लक्ष गेलं आणि तो थांबला. ती रडत होती.

“म्हणजे बाबा इथं न्हायत,” ती म्हणाली. “मला भ्या वाटत होतं, पण ते हायत असं तरी वाटत होतं.”

अर्पिता खाली उतरली आणि आपल्या फ्रॉकनं तिचे डोळे पुसून म्हणाली, “आवाज तर त्यांचाच हाय ना? तो जाळू द्यायचा का?”

“न्हाय!” शिवांजलीनं नाक ओढलं. “पण नुसतं सांगितलं तर कुणी ऐकणार न्हाय. ‘पोरांनो, गप बसा’ म्हणतील. त्यांना दाखवायला पाहिजे. मल्लेश, घोंगडी आण.”

दुपार कलली. जेवणं आटोपली. अज्जांनी पाचटाची पेंडी बांधायला घेतली आणि महेश्वरीनं पदराआडून मोबाईल काढला. ज्वारीतून आवाज सुरू होताच माणसं उठून उभी राहिली. तेवढ्यात शिवांजली सगळ्यांच्या पुढं गेली.

“बाबा, थांबा!” ती मोठ्यानं म्हणाली.

कोपीशी उभ्या मल्लेशनं हळूच लाल रुमाल हलवला. आवाज बंद!

“बसवेश्वरा!” कुणीतरी पुटपुटलं. मल्लिनाथअप्पांनी दोन्ही हात जोडले.

“बाबा, बोला!”

“नोंद. मुख्याध्यापक...” आवाज लगेच आला.

“थांबा!”

पुन्हा शांतता. आता तर हणमंतप्पा अज्जांनीही काठी खाली ठेवून तेरा वर्षांच्या पोरीपुढं हात जोडले!

“पोरी, विचार त्याला,” ते कापऱ्या आवाजात म्हणाले, “काय पाहिजे त्याला?”

“त्यांना काही नको, अज्जा. मलाच एक उत्तर पाहिजे. मोठे अप्पा, भोंग्यातलं मेमरी कार्ड कुठनं आणलं होतं तुम्ही?”

“कार्ड? ते... ते उमाच्या टेबलावरच्या डबीतलं,” अप्पा गडबडले. “रिकामंच दिसत होतं की!”

“कार्ड रिकामं हाय का भरलेलं, हे दिसतं कसं, अप्पा?” मल्लेशनं विचारलं.

“पण मेकॅनिक म्हणला, कुत्री भरली...”

“तुमी ऐकून बघितली?”

अप्पा डोकं खाजवू लागले. मेकॅनिकनं न बघता ‘भरलंय’ म्हणून सांगितलं होतं, अप्पांनी न ऐकता ते भोंग्यात घातलं होतं आणि सुट्टीत मुलांना ऐकवायला बाबांनी त्याच कार्डावर गुपचूप बोलून ठेवलेल्या नोंदी ज्वारीत बोलू लागल्या होत्या!

“अर्पिता, ये गं बाहेर!” शिवांजलीनं हाक मारली.

ज्वारीतून पाचोळ्यानं माखलेली अर्पिता घोंगडी पांघरून आली. “किती वेळ बांबूवर लटकवलंत मला! रुमाल हलला की पॅनलवर घोंगडी टाका, पुन्हा हलला की काढा! मुंग्या चावल्या!”

मग सगळी वरात भोंग्यापाशी गेली. अप्पांनी स्वतः वायर बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. आता पॅनल उघडंच होतं. भोंगा खरखरला.

“नोंद. महेश्वरी.”

शिवांजलीची आई दचकली.

“हा सप्ततारातला सर्वांत कडक ग्रह. इथं हसायला बंदी आहे. एक मास्तर या ग्रहावर उतरला, पंधरा वर्षं राहिला, पण ग्रह एकदाही हसला नाही.”

आईचा चेहरा लाल झाला. तिनं पदर कमरेला खोचला आणि भोंग्याकडे बोट रोखलं.

“खोटं! साफ खोटं!” ती म्हणाली. “बघायला आले तवाच हसले मी! चहात मिशी बुडली होती तुमची! सगळ्यांसमोर हसले, आई रागावली मला!” आणि बोलता बोलता ती हसायला लागली. श्रावणापासून पहिल्यांदाच! हसता हसता ती रडली, पण हसू काही थांबलं नाही.

अज्जांनी तिघांना जवळ ओढलं. “शाब्बास रं पोरांनो! आमी एवढी जाणती माणसं बॅटरी पुढ्यात ठिवून भुताला भ्यायलो, आन् या चिमुरडीनं ऊन बघितलं. लई मोठं काम केलं!”

“अन् त्या कोशाचं ऐकून विहीर सोडली तुमी,” अर्पितानं सुनावलं. “त्याचं उलटं करायचं असतं!”

अप्पा खजील होऊन बांबूला हात घालू लागले. “काढतो हे. उद्याच कुत्री भरून आणतो.”

“थांबा, भावजी,” आई म्हणाली. “आठ दिवसांत एक तरी पाखरू बसलं का ज्वारीवर?”

अप्पांनी रानभर नजर फिरवली. “न्हाय की!”

“मग असू द्या. ज्वारी निघंपर्यंत करू द्या राखण त्यांना.”

दिवस माळाआड जाऊ लागला, तेव्हा अप्पांनी हेंडगा पेटवला. त्यात नुसतंच पाचट होतं. मशाल घेऊन ते बांधाबांधानं धावले आणि मुलं आरोळ्या ठोकत मागं पळाली. भोंगा अजून बोलत होता. “नोंद. सूर्य. सूर्य हा एक अत्यंत आळशी...” आणि उजेड संपला तसा आवाज विझत विझत थांबला.

शिवांजली पळता पळता थबकली. ज्वारी काळी पडत होती आणि आत आता कुणीच बोलत नव्हतं. मागून आई आली. तिनं ट्रंकेतला मोबाईल लेकीच्या हातात ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात टाकून ज्वारीकडे बघत उभी राहिली.

“उद्या ऊन पडलं की पुढचं सांगतील,” ती म्हणाली.