शांतू झोपलाय

दुकानात येणारा माणूस कसा आहे, हे मला दारावरूनच कळतं. आमचं दार जड आहे, सोडलं की धाडकन आपटतं. बहुतेक जण ते तसंच सोडतात आणि मग दचकून माझ्याकडे असे बघतात, जणू मीच ते आपटलं. त्या दुपारी आलेल्या माणसाने मात्र दार हाताने धरून आणलं, चौकटीवर तळहात आडवा ठेवला, दार त्याच्यावर टेकवलं आणि मग हात हळूच काढून घेतला. इतकी काळजी लोक तान्हं बाळ झोपलेल्या खोलीत घेतात. पायात रबरी तळाचे बूट, आवाज जेमतेम ऐकू येईल एवढा. मी मनातल्या मनात त्याचं नाव मांजरपावल्या ठेवून टाकलं.

मी हातात धरून खेळायचे जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करते. हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. दुकान त्यांचंच, रेडिओ दुरुस्तीचं. मी लग्न होऊन आले तेव्हा रेडिओ घेऊन कुणी फिरकत नव्हतं आणि बाबा दिवसभर माश्या मारत बसायचे. सुनेच्या हातात डाख लावायची सोल्डर गन देणारा सासरा मी तरी दुसरा पाहिला नाही. आता ते दुकानाच्या मागच्या खोलीत असतात, छातीत पेसमेकर घेऊन. तो बसवल्यापासून मी त्यांना कामाच्या टेबलाजवळ येऊ देत नाही. चालू गन, ट्रान्सफॉर्मर, असल्या वस्तूंपासून लांब राहा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "माझ्याच दुकानात मला बंदी!" असं ते पडद्याआडून ओरडतात. ओरडतात म्हणजे बोलतात. त्यांना हळू बोलता येतच नाही. हसले की टेबलावर थाप, आणि शिंकले की काचेच्या कपाटातले स्क्रू डब्यांतून नाचतात.

त्या आठवड्यात घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाबांच्या पेसमेकरचा सेल उतरत आला होता. तो संपला की अख्खं यंत्र बदलावं लागतं, म्हणजे ऑपरेशन. मागच्या आजारपणानंतर ते त्यांच्या शरीराला झेपेल, असं डॉक्टरीणबाई छातीठोकपणे सांगायला तयार नव्हत्या. आणि नाही बदलला तर काय, हे विचारायची हिंमत ना मला झाली, ना नवऱ्याला. सोमवारी तपासणी होती. बाबा मात्र, "सेल बदलायला मी काय टॉर्च आहे?" असं म्हणून स्वतःच हसत होते.

मांजरपावल्याने खिशातून लोकरीची टोपी काढली. तिच्यात गुंडाळलेली होती एका गेमची कॅसेट.

"सेल बदलायचाय," तो म्हणाला. "पण आतला खेळ पुसला जाता कामा नये."

या जुन्या कॅसेटींच्या पोटात एक बटन सेल असतो. खेळणाऱ्याने जिथवर मजल मारली ती त्या सेलच्या जिवावर लक्षात राहते. सेल काढला की सगळं पुसलं. म्हणून बदलताना दोन वायरींनी बाहेरून वीज पुरवत राहायची, तेवढ्यात जुना सेल काढून नवा चिकटवायचा. श्वास रोखून करायचं काम आहे ते.

"लहानपणचा खेळ दिसतोय," मी म्हटलं.

"हो. त्यात शांतू आहे. बाकी सगळं गेलं तरी चालेल, तो राहायला हवा." जाता जाता तो थांबला. "आणि त्याच्याजवळ काही आपटू नका. प्लीज."

मला हसू आलं. त्याला आलं नाही.

तो खेळ मला चांगला माहीत होता. रानोमाळ हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे. त्यातला एक प्राणी म्हणजे विजगोळा. वाटेवर पडलेल्या बक्षिसाच्या डबीसारखा दिसतो. गुळगुळीत, गोल, वरती नुसत्या दोन बारीक रेघा. उचलायला जावं तर त्या रेघा उघडतात. ते त्याचे डोळे. अंगात ठासून वीज भरलेली. बिथरला की आधी गुणगुणतो, मग डोळे सताड उघडतो आणि फुटतो, स्वतःसकट समोरच्यालाही घेऊन. असल्या जनावराचं नाव कुणा पोराने शांतू ठेवावं, याची मला गंमत वाटली.

मी कॅसेट उघडली आणि सवयीने जुन्या सेलला मीटर लावलं. शून्य. मीटर बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या सेलवर पाहिलं, तर ते ठणठणीत होतं. म्हणजे सेल कधीच मेला होता आणि आतला खेळ आधीच पुसला गेला असणार. त्या बिचाऱ्याला हे कसं सांगायचं, या विचारात मी कॅसेट यंत्रात घालून चालू केली.

खेळ जसाच्या तसा उघडला. पाळलेल्या प्राण्यांच्या पानावर एकटा शांतू होता, डोळे मिटून.

मी वाकून बघत असताना कोपराचा धक्का लागून पक्कड खाली पडली. पडद्यावरची एक रेघ किंचित उघडली. आतला पांढरा भाग दिसला.

त्या पानावरची चित्रं हलत नाहीत. हा खेळ मी इतक्या वेळा उघडलाय की हे मी डोळे झाकून सांगेन. मी यंत्र बंद केलं. पडदा काळा झाला, पण कुठूनतरी बारीक गुणगुण येत राहिली, डासासारखी. मी कान लावला. ती बंद यंत्रातूनच येत होती. बऱ्याच वेळाने थांबली.

कॅसेट तशीच परत द्यावी, असं वाटून गेलं. पण मेलेल्या सेलला घाबरून काम परत करणारी दुरुस्तीवाली म्हणून माझीच मला लाज वाटली. मी बाहेरचा सप्लाय जोडला, दोन्ही वायरी चिमट्यांनी कॅसेटच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर अडकवल्या आणि जुना सेल सोडवायला घेतला. तो अर्धा सुटला आणि एका वायरीचा चिमटा घसरला. माझे दोन्ही हात अडकलेले. एका हातात गन, दुसऱ्यात सेल.

"बाबा!" माझ्या तोंडून निघून गेलं.

पडदा बाजूला सारून ते उभे होते, जणू कित्येक महिने याच हाकेची वाट बघत होते.

"नको, नको, तुम्ही मागेच थांबा," मी म्हटलं.

"अगं, गन बंद कर. गरम आहे तेवढ्यात तू चिकटव, मी वायर धरतो. हात कापतात का बघ माझे!"

त्यांना जपायचं एवढंच डोक्यात होतं. मी टेबलाखालच्या बोर्डाचं बटण पायाने दाबून गन बंद केली. त्यांनी दोन्ही वायरी बोटांनी पट्टीवर दाबून धरल्या. मी जुना सेल काढला, नवा ठेवला. गनमध्ये उरलेली धग कशीबशी पुरली.

"मुंग्या येतायत गं बोटांना," बाबा म्हणाले. "मजा वाटतेय."

गुणगुण पुन्हा सुरू झाली होती. आता ती टेबलावरून येत नव्हती. मग एकाएकी थांबली.

बाबा शीळ घालत खोलीत गेले. मी बोर्डाकडे पाहिलं. गन आणि सप्लाय त्याच्या एकाच बटणावर होते. लाल दिवा विझलेला होता. मी दोन्ही बंद केले होते. जुना सेल निघून नवा बसेपर्यंत त्या वायरींमध्ये वीज नव्हतीच. दुसऱ्या टोकाला होती ती फक्त बाबांची बोटं.

खेळ सुरू करून पाहिला. सगळं शाबूत होतं. शांतूची जागा तेवढी रिकामी होती.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या छातीवर ते तपासायचं यंत्र ठेवलं, पडद्यावरचा आकडा पाहिला, तपासायचं दुसरं यंत्र आणलं, पुन्हा पाहिलं.

"तुम्ही दुसरीकडे कुठे बदलून आलात का?" त्यांनी विचारलं. "सेल भरलेला दाखवतोय. नव्यापेक्षा नवा."

आता ऑपरेशनची गरजच नव्हती. मी तिथेच हमसून हमसून रडले, अगदी लाज सोडून. नवऱ्याने बाबांना मिठी मारली. बाबा खदखदून हसले आणि त्यांनी टेबलावर सणसणीत थाप मारली.

खोलीतले दिवे मंद झाले आणि परत लागले.

"व्होल्टेजची कटकट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ती गुणगुण ऐकू येत होती.

मांजरपावल्या कॅसेट न्यायला आला तेव्हा मी यंत्र चालू करून त्याच्यापुढे ठेवलं. तो रिकाम्या जागेकडे बघत राहिला. एवढ्यात आतून बाबांनी मला चहासाठी हाक मारली, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. त्याने चमकून आतल्या पडद्याकडे पाहिलं.

"त्यांना काही यंत्र बसवलंय?"

"माझे सासरे आहेत ते," मी म्हणाले. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, पण त्याला पुरलं.

"शांतू आधी माझ्या आईच्या कानातल्या यंत्रात होता," तो म्हणाला. "त्यात सेल घातल्याचं मला आठवतच नाही. तिला शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू यायचं. मग ती झोपेत गेली, शांतपणे. नशीब आमचं. तो कॅसेटमध्ये परत आला."

"त्याचे डोळे पूर्ण उघडलेले पाहिलेत तुम्ही?"

"खेळात."

"आणि बाहेर?"

"बाहेर पाहिले असते तर मी इथे आलो असतो का?"

मी विचारलं, "परत घेऊन जाता येईल?"

"येईलही. पण मग त्यांच्या छातीत काय राहील?"

आतून बाबांची शीळ ऐकू येत होती. कित्येक महिन्यांत ते इतके खुशीत नव्हते.

"राहू दे," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली, जणू त्याला हेच अपेक्षित होतं. पिशवीतून त्याने नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल चकत्यांचा ढीग काढला. जुन्या, दाराच्या चौकटीवरून खरवडून काढलेल्या. काहींना अजून रंगाचे पोपडे चिकटलेले. "दारांना लावा. खुर्च्यांच्या पायांनाही. आता आमच्याकडे लागणार नाहीत."

जाताना त्याने दार सोडून दिलं. ते धाडकन आपटलं. तो क्षणभर पाठमोरा, मान आवळून उभा राहिला आणि मग पळतच गेला.

आता आमच्या घरात भांडी फडक्यावर ठेवतात. दुकानाच्या दाराला चकत्या आहेत. नवरा मला मुक्यांची मुख्याध्यापिका म्हणून चिडवतो, पण कुजबुजत. बाबांना मी सांगितलंय की डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने बोलायला मनाई केलीय. ते कुरकुरतात, पण माझं ऐकतात. जिना एका दमात चढतात. त्यांना असं चढताना बघितलं की माझं मन भरून येतं, आणि त्याच वेळी हात कठड्याकडे जातो.

परवा आंघोळ करून ते उघड्या अंगाने बाहेर आले. छातीवरचा उंचवटा पूर्वी चपटा होता. आता तो गोल आहे, गुळगुळीत. त्याच्यावर कातडीला दोन बारीक रेघा पडल्यात, शेजारी शेजारी.

आज जेवताना त्यांना शिंक आली. मी धावत जाऊन तोंडावर टॉवेल धरला, तरी अर्धी बाहेर पडलीच. आता ते दुपारचे झोपलेत. सदऱ्याचं वरचं बटण उघडं आहे.

डावी रेघ अजून मिटलेली नाही.