कातरलेला कान

उत्तरेकडच्या बर्फाळ उपसागरावरच्या त्या वखारीवर जहाज वर्षातून एकदाच यायचं. ऑगस्ट सरता सरता नदीच्या मुखाशी शिडं दिसत, तोफ वाजे, आणि मग दोन-तीन आठवडे कुणालाही पाठ टेकायला सवड मिळत नसे. पीठ, बंदुकीची दारू, ब्लँकेटं, कढया उतरवायच्या. बीव्हरच्या कातड्यांचे गठ्ठे चढवायचे. उपसागरात बर्फ धरायच्या आत जहाज परत फिरे. त्यानंतर वर्षभर घरचा शब्द नाही.

गिल्बर्ट कॉरिगल त्या वखारीवर पिंपं बांधायचा. समुद्रापारच्या ऑर्कनीच्या बेटांवरून आला त्याला नऊ वर्षं झाली होती. बोलणं कमी, हात पक्का. त्या सतराशे अठ्ठ्याऐंशी साली जहाज लागलं तेव्हाही तो एका पाझरणाऱ्या पिंपाचं कडं ठोकायला म्हणून धक्क्यावर गेला होता. खारवलेल्या मांसाचं पाणी वाळूत चाललं होतं. तेवढ्यात ह्यू लिंकलेटर वर आला. ह्यू त्याच्याच गावचा, होडीवर असायचा, आणि दोघांच्या वाटणीचं बोलणं तो एकटाच बोलून घ्यायचा.

"गिब, टपालाच्या पिशवीत तुझ्या नावाचं काही नाही," तो म्हणाला. "यंदाही नाही. एवढा गोड बोलतोस, तरी घरचे विसरलेच बघ तुला."

गिल्बर्टने कडं ठोकणं थांबवलं नाही. दोन वर्षं घरून पत्र नव्हतं. त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. दरवर्षी तो वखारीच्या कारकुनाकडून चार ओळी लिहून घेऊन पाठवायचा. उत्तर येत नव्हतं, आणि त्यावर तो बोलतही नव्हता.

मग ह्यूने टोपीच्या अस्तरातून घडी घातलेला कागद काढला. हसू गेलं होतं. एका खलाशाने दिलाय, असं त्याने सांगितलं. गिल्बर्टच्या बहिणीने, सिबेलाने, तो त्या खलाशाच्या हाती चोरून दिला होता आणि शपथ घातली होती, की हा कागद बंदरावरच्या पिशवीत टाकायचा नाही.

कारकून प्रिंगल मालाच्या खोलीत याद्या करत बसला होता. दुपारचीच वेळ, पण बाहेर असं दाट धुकं उतरलं होतं की त्याला मेणबत्ती लावावी लागली होती. खोलीत कातड्यांचा उग्र वास कोंडला होता. प्रिंगल भला माणूस. त्याने याद्या बाजूला सारल्या आणि वाचायला घेतलं.

"दादा, तू जिवंत असशील तर हे वाचून घे. नसशील, तर वाचणाऱ्याने हा कागद जाळावा. दोन वर्षांपूर्वी, सुगीच्या दिवसांत, तू घरी आलास..."

प्रिंगल थांबला. "हे काय लिहिलंय?"

"पुढे वाचा."

ज्यांची मुलं समुद्रापार असतात त्या बाया ऑर्कनीत संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन मुलाच्या नावाने हाक मारतात. मुलाला घराची आठवण राहावी म्हणून. पण अंधार पडायच्या आत मागे फिरायचं, हा नेम. सिबेलाने लिहिलं होतं, की आईची नजर गेली. उजेड कधी संपतो ते तिला कळेनासं झालं. ती अंधारातही हाका मारत राहिली. आणि एके दिवशी कुणीतरी ओ दिली.

तो पाण्याकडून चालत आला. आईने त्याचा चेहरा चाचपला आणि म्हणाली, माझा गिब. चेहरा गिबचा, आवाज गिबचा. लहानपणी गिबने भिंतीच्या कुठल्या दगडामागे शिट्टी लपवली होती तेही त्याला ठाऊक. शेजारचे म्हणाले, परमुलखात राहून जरा घुमा झालाय इतकंच. पण तो शेगडीकडे पाठ करून बसतो. मासा शिजवू देत नाही. आणि त्याच्या स्टुलाखालची जमीन दोन वर्षांत एकदाही सुकलेली नाही.

प्रिंगलचा आवाज आता खाली आला होता.

"जानेवारीत एका दुपारी तो बसल्या जागी होता. त्याच्या डाव्या हाताची करंगळी काळी पडली आणि गळून पडली. रक्त नाही. तो ओरडलाही नाही, माझ्याकडे बघून हसला. दादा, तुझी करंगळी गेली का रे?"

प्रिंगलने मान वर केली नाही. फक्त डोळे उचलले आणि टेबलावर टेकलेल्या गिल्बर्टच्या डाव्या हाताकडे पाहिलं. जानेवारीत सापळे बघायला गेलेला असताना हिमाने त्याची करंगळी मेली होती. ह्यूने ती कापली तेव्हा दिवा प्रिंगलनेच धरला होता.

धुक्यात बाहेर कुणीतरी पिंप लोटत नेलं. त्याची घरघर लांब गेल्यावर प्रिंगलने पुढचं वाचलं.

पुढचं थोडं होतं. सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसच्या सणाला तो आईला होडीतून समुद्रावर नेणार होता. माझा मुलूख दाखवतो म्हणाला होता. आई खुशीत, गाठोडं बांधून तयार. सिबेलाचं कुणी ऐकत नव्हतं. गिल्बर्टची पत्रं तो स्वतः बंदरावर जाऊन घ्यायचा आणि चुलीत घालायचा. "तू उत्तर लिहू नकोस," असं तिने शेवटी लिहिलं होतं. "ते मला मिळणार नाही."

प्रिंगलने कागद खाली ठेवला. मी साहेबांशी बोलतो, याच जहाजाने तू घरी जा, असं तो म्हणाला. गिल्बर्टने मान हलवली. जहाज ऑर्कनीला पोचायला ऑक्टोबर संपणार. तोवर आई पाण्याखाली गेलेली असेल.

"मग प्रार्थना कर, बाबा."

"ती तुम्ही करा," गिल्बर्ट म्हणाला. "तुम्हाला पाठ आहेत."

संध्याकाळपर्यंत तो आपल्या कामाच्या खोपटात बसून राहिला. फळ्या तासायला घेतल्या आणि ठेवून दिल्या. करंगळीच्या थोटकाकडे पाहत राहिला. त्या जानेवारीत उपसागर गोठलेला होता. पिशवी नव्हती, जहाज नव्हतं. तरी ही बातमी घरी पोचली होती, आणि त्याच महिन्यात पोचली होती.

दुसऱ्या सकाळी त्याने ह्यूला बोलावून घेतलं आणि त्याच्या हातात सुरी दिली.

"डाव्या कानाला दोन खाचा पाड. बाहेरच्या कडेला. आमच्या घराच्या."

ह्यू हसला. मेंढरांत जाऊन राहणार का, म्हणून विचारलं. मग त्याने गिल्बर्टचं तोंड पाहिलं आणि तो खाली बसला. गिल्बर्टने त्याला सगळं सांगितलं, थोडक्यात, जशी कामाची माहिती द्यावी तशी.

त्यांच्या बेटावर सगळ्यांची मेंढरं एकत्र चरतात. कुणाचं कुठलं ते कानावरून कळतं. प्रत्येक घराची खूण वेगळी. कॉरिगलांची डाव्या कानावर दोन खाचा. आणि एखादं मेंढरू घराने टाकलं, तर खुणेसकट कानाचा वरचा भाग सरळ उडवायचा. मग ते कुणाचंच नसतं. कुणी त्याला आपल्या वाड्यात घेत नाही. सिबेलाला हे शिकवायला नको होतं. लहानपणी गिल्बर्ट कान कातरायचा तेव्हा कोकरं तीच धरायची.

ह्यूने दोन खाचा पाडल्या. गिल्बर्ट हलला नाही. पण दुसरी खाच पडता पडता त्याच कानात, अगदी जवळून, त्याला आईचा आवाज ऐकू आला.

"गिब... काय झालं रे?"

नऊ वर्षांनी ऐकला होता. त्याने दात आवळले. ओ दिली नाही.

खूण सिबेलाच्या नजरेस पडायला एक दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा ठोकळ्यावर येऊन बसला. म्हणाला, आता वरून सरळ. ह्यूने सुरी धुतली, पुसली, परत धुतली.

"गिब, मग तू घरी कसा जाशील? हाच कान घेऊन दारात उभा राहशील. सिबेलाला कसं कळणार, कोण कुठला ते?"

"नाही कळणार."

"आणि आई?"

"आई जिवंत राहील. काप."

ह्यूने कापलं. आणि या वेळी कानात आईचा आवाज नव्हता. पाण्याची गाज होती, आणि तिच्यामागून गिल्बर्टचाच आवाज, हलका, अजिजीचा.

"नको... मला घरात राहू दे..."

"ते घर माझं आहे," गिल्बर्ट म्हणाला.

"मी कुठे काय म्हणालो?" ह्यूने विचारलं. गिल्बर्टने जखमेवर शेवाळ दाबून धरलं आणि उरलेलं पिंप पुरं केलं.

जहाज गेलं. कान कापला त्याच संध्याकाळी नदीवर पाणी पिताना गिल्बर्टने ते थुंकून टाकलं होतं. खारट होतं. ह्यू त्याच ओंजळीतलं प्यायला. म्हणाला, गोड तर आहे. त्या दिवसापासून चहा खारट, रस्सा खारट. हिवाळ्यात बर्फ वितळवून प्यायले तेही खारट. डोक्यावर सतत काहीतरी वजन असल्यासारखं वाटायचं, खोल बुडी मारल्यावर कानांत दडे बसतात तसं. रात्री झोपेत त्याचे पाय चालायचे. शेजारी झोपणारा ह्यू सकाळी कुरकुर करायचा, की लाथा कमी मार, नाहीतर बाहेर निज. गिल्बर्ट कुणाला काही सांगत नव्हता. तहान लागली की ते खारं पाणी मुद्दाम भांडं भरून घ्यायचा आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. नाही प्यायलो तर तो जिंकला, असं त्याने मनात धरलं होतं.

पुढच्या ऑगस्टात जहाज आलं. या वेळी पत्र पिशवीतून आलं, उघड, सिबेलाच्या ठसठशीत अक्षरातला पत्ता घेऊन. प्रिंगलने खोलीचं दार लावलं आणि वाचलं.

"दादा, तुझं उत्तर मिळालं."

जेवताना त्या दुसऱ्या गिबच्या कानावर दोन खाचा उमटल्या होत्या. सिबेलाने ती खूण ओळखली, रात्रभर वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी कानाचा वरचा भाग तुटून त्याच्या ताटात पडला. त्याने कानाला हात लावला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिला त्याच्या तोंडावर भीती दिसली. तिने मेंढरं हाकायची काठी घेतली आणि टाकलेल्या मेंढराला म्हणतात तेच म्हणाली, हे आमचं नाही, निघ. आरडाओरडा ऐकून शेजारी आले. कान पाहिल्यावर कुणी त्याची बाजू घेतली नाही. सगळ्यांनी आपापली फाटकं लावून घेतली. तो किनाऱ्यावर गेला, थोडा वेळ घराकडे बघत उभा राहिला, आणि मग सरळ पश्चिमेला पाण्यात चालत गेला. डोकं बुडेपर्यंत लोकांना दिसत होता. तो पोहला नाही. चालतच होता.

"आई सुखरूप आहे," सिबेलाने लिहिलं होतं. "माझ्याशी बोलत नाही. म्हणते, तू माझ्या मुलाला घालवलंस. माझ्या हातचं जेवत नाही, शेजारीण येऊन भरवते. आणि दादा, तू आता येऊ नकोस. तो कान घेऊन जो कुणी येईल त्याला मी दार उघडणार नाही. तू असलास तरी नाही. मला क्षमा कर."

प्रिंगलने चष्मा काढून पुसला. शहाणी आहे, एवढंच गिल्बर्ट म्हणाला. उत्तर काय लिहू, असं प्रिंगलने विचारलं.

"लिहा, बरोबर केलंस. आईला यातलं काही सांगू नकोस. तिचा राग असू दे."

"आणखी काही?"

"नाही."

प्रिंगलला काय करावं सुचेना, म्हणून त्याने पिंपातलं भांडंभर पाणी काढून त्याच्यापुढे केलं. गिल्बर्टने सवयीने ओठ घट्ट केले आणि एका दमात प्यायला गेला.

मध्येच थांबला.

पाणी गोड होतं.

त्याने पुन्हा एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. गोडच. मग त्याला आठवलं, की सकाळचा चहाही गोड होता. जहाजाच्या गडबडीत लक्ष गेलं नव्हतं. काल रात्रीचं पाणी मात्र खारट होतं. डोक्यावरचं वजनही आता नव्हतं. कुणीतरी पाण्याखालून चालत वर यावं तसे कान मोकळे झाले होते.

"काय झालं?" प्रिंगलने विचारलं. "पाणी खराब आहे का?"

"नाही. चांगलं आहे."

तो बाहेर आला. किनाऱ्यावर पुन्हा धुकं बसलं होतं. खोपटात जाऊन त्याने फळ्या तासायचा वाकस घेतला, अंगठ्याने धार पाहिली आणि ठोकळा ओढून दारात बसला. ह्यू म्हणाला, दार लाव की, धुकं आत येतंय. गिल्बर्ट म्हणाला, राहू दे. याला कुणी हाक मारून बोलावलेलं नाही, स्वतःच्या पायांनी आलाय, तर माझं दार त्याला उघडंच सापडू दे. ह्यूला काही कळलं नाही. तो हळूच उठला आणि आतल्या अंगाला सरकला.

खाली धक्क्यावर माल उतरत होता. नदीकडून वर येणारी वाट खोपटासमोरूनच जायची. पाठीवर पोती घेतलेली माणसं एकामागून एक धुक्यातून वर येत होती. नवी, जुनी, जहाजावरची. त्या धुक्यात सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसत होते.

गिल्बर्ट चेहरे बघतच नव्हता. कान बघत होता.