हेमांगी केळुसकरांची स्वरेषा

ताईचा फोन संपला तरी हेमांगी केळुसकर हसतच होत्या, तेवढ्यात दंडावरचा बिल्ला गरम झाला. त्यांनी घाईघाईने तोंड मिटलं, पण उशीर झाला होता. कातडीखाली औषध उतरलं आणि दहा मिनिटांत सगळा उत्साह सर्दावलेल्या पापडासारखा मऊ पडला. भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'स्वरेषेपासून विचलन. रजेचा अर्ज स्थगित.'

सावंतवाडीजवळच्या त्या वृद्धनिवासात डॉक्टर राहत नव्हते. तशी गरजच उरली नव्हती. नागपुरात बसून डॉ. वानखडे अशा चाळीस निवासांवर लक्ष ठेवत, आणि त्यांचे डोळे-कान म्हणजे प्रत्येकाच्या दंडावरचा हा रुपयाएवढा बिल्ला. पूर्वी वैद्यकशास्त्र सगळ्यांना एकाच सरासरीने मोजायचं. इतका रक्तदाब चांगला, इतके तास झोप पुरेशी. पण एकाला जे मानवतं ते दुसऱ्याचं दुखणं असू शकतं. म्हणून बिल्ला आधी माणूस शिकून घ्यायचा. निवासात आल्यापासून तीस दिवस औषध न देता तो नुसता टिपत राही: नाडी, झोप, भूक, रक्तातली रसायनं, आवाजातला चढउतार. त्यातून निघे ती त्या माणसाची स्वरेषा, म्हणजे तो बरा असतो तेव्हा कसा असतो याची नोंद. पुढे शरीर रेषेवरून ढळलं की बिल्ला थेंबभर औषध सोडून त्याला जागेवर आणी. हे काही थोतांड नव्हतं. हेमांगीबाईंचा न्यूमोनिया त्याने खोकला सुरू व्हायच्या आधी पकडला होता.

पण निवासाबाहेर राहायला जायचं तर रेषा सलग दहा दिवस सरळ हवी, असा नियम होता. त्यापायी भाचीचं लग्न हुकलं, नातवाचं बारसं हुकलं. आता नयनाताईचं सहस्रचंद्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं होतं. मालवणात तिला एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं होतं, आणि आत्ताच ती फोनवर म्हणाली होती, "हेमा, तू येतलंस मां गो? तू नसलंस तर माका हसवतला कोण?"

दुसऱ्या दिवशी हेमांगीबाईंनी डॉक्टरांना पडद्यावर गाठलंच.

"मला झालंय तरी काय, डॉक्टर?"

"अतिउत्तेजना, आजी. नाडी जलद, झोप कमी, आवाज चढा."

"अहो, बहिणीला भेटायचं म्हटल्यावर माणूस खूश नाही का होणार?"

"होणार की. पण तुमच्या मूळ नोंदीत तेवढं खूश असणं कुठेच नाही. अर्धपोटी जेवण, तासन्‌तास गप्प बसणं. काहींचा स्वभावच शांत असतो."

हेमांगीबाईंना कुणी शांत म्हणण्याची ही जन्मातली पहिलीच वेळ.

"मी इथे कधी आले, बघा बरं."

डॉक्टरांनी तारीख वाचली.

"त्याच्या आदल्या दिवशी ह्यांचं तेरावं झालं," त्या म्हणाल्या. "सगळे जमलेच आहेत तर हिला पोचवूनच जाऊ, असं ठरलं. महिनाभर मी जमिनीवर झोपत होते, गोडाला शिवत नव्हते, भिंतीकडे तोंड करून बसत होते. ते तुम्ही माझं बरं असणं म्हणून लिहून घेतलंत?"

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांचा चेहरा उतरला. सगळं मोजलं होतं, फक्त गाडीतून उतरणारा माणूस कुठल्या घरातून आलाय, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

"मग शिकवा की त्या बिल्ल्याला पुन्हा!"

"त्यासाठी बिल्ल्यातलं औषध महिनाभर बंद ठेवावं लागतं. पंचाहत्तरीनंतर तशी परवानगी नाही, आणि तुम्हाला शहात्तर पूर्ण झाली. यंत्राच्या लेखी तुमचं दुःख हीच तुमची तब्येत आहे, आजी. ती राखणं हे त्याचं काम."

"माझ्या एकटीचंच झालंय का हो असं?"

डॉक्टरांनी यादी वरखाली केली. "तुमच्या निवासातल्या बेचाळीस जणांपैकी एकोणतीस जण घरातलं कुणीतरी गेल्यावर महिन्याच्या आत आलेत."

"येणारच. हसत्या घरातून कोण येतं इथे?"

डॉक्टर यादी मिटून हळू आवाजात म्हणाले, "एकच उपाय दिसतो. दहा दिवस आनंद होऊ देऊ नका."

हेमांगीबाईंनी कंबर कसली. ताईचे फोन घेणं बंद केलं. रोज सकाळी उठल्याबरोबर त्या ह्यांचा इस्पितळातला शेवटचा आठवडा आठवायला बसत: नाकातली नळी, पाठीवरच्या जखमा, अर्धंच राहिलेलं ते वाक्य. चौथ्या दिवशी कपाट आवरताना मोरपंखी पैठणी हाती लागली, ही नेसावी का, असं क्षणभर मनात आलं, आणि बिल्ला गरम झाला. मोजणी पुन्हा एकपासून. आता बरोब्बर दहाच दिवस उरले होते. त्यांनी पैठणी शेजारणीकडे ठेवायला दिली आणि नळीपासून पुन्हा सुरुवात केली. रडू आलं की त्यांना हायसं वाटे, आणि हायसं वाटलं म्हणून लगेच धडकी भरे.

दहाव्या दिवशी डॉक्टर खुशीतच पडद्यावर आले. "आजी, जमलं! रजा मंजूर. सकाळी ताईंची गाडी येतेय."

हेमांगीबाई दात आवळून बसल्या. आता आतून उकळी येणार, ती दाबायची, गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तरी दाबून धरायची. त्या वाट पाहत राहिल्या. दाबण्यासारखं काही वर आलंच नाही. ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला, एक्याऐंशी दिवे आणून पाहिले. आत सगळं जिथल्या तिथे होतं. याची भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही.

"ताईला कळवा, मी येत नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, पण का? आजी, बरं वाटत नाहीये का?"

त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. डॉक्टरांनी घाईघाईने नोंद उघडली. चाळीस निवासांत त्या दिवशी हेमांगीबाईंइतकं निरोगी कुणीच नव्हतं.